माझ्या शर्यतीसाठी बाबा आजारी पडले

भाईंदर स्टेशनच्या भिंतीवर एक जाहिरात चिकटवलेली होती. शिमग्याच्या आधी वसईला पाच मैल धावण्याची शर्यत होणार होती आणि पहिल्या येणाऱ्याला चांदीचा पेला मिळणार होता. खाली बारीक अक्षरांत स्पर्धकांसाठी सूचना होत्या. रोज नियमित सराव करावा, आहार हलका ठेवावा आणि मन प्रसन्न असू द्यावे. दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीचा तो हिवाळा. मी एकोणीस वर्षांचा होतो. मराठी सातवी पास होऊन मिठागरावर कारकुनाची जागा रिकामी होण्याची वाट बघत होतो. त्या जागेवरच्या कारकुनाची तब्येत उत्तम होती. त्यामुळे माझ्याकडे वेळ पुष्कळ होता.

आमचं घर राई गावात. तिथून भाईंदर स्टेशन दोन मैल. मिठागरांच्या बांधांवरून गेलं की वाट सपाट आणि पायाला मऊ. जाऊन यायचे चार मैल, म्हणजे सरावाला अगदी योग्य, असा हिशेब करून मी एका सकाळी शाळेतली जुनी खाकी चड्डी चढवली आणि गावाबाहेर पडल्यावर धावायला लागलो.

शंभर पावलंही झाली नसतील, तोवर मीठ ओढणारी माणसं हातातली फावडी टाकून बांधावर आली.

“कोण गेला?” एकाने विचारलं.

“कोणी नाही.”

“मंग बांध फुटला?”

“नाही.”

“मंग धावतंस कशाला?”

“असंच,” मी म्हणालो.

खरं बोललो ते चुकलंच. राईत तेव्हा असंच कोणी धावत नसे. खाडीचा बांध फुटला, बैल सुटला, नाहीतर घरात कोणी शेवटच्या घटका मोजत असलं, तरच मोठा माणूस धावे. त्यांनी मला खाली बसवलं, पाणी पाजलं आणि एकाने माझ्या डोळ्यांच्या पापण्या ओढून आत बघितलं. तिथून सुटलो तो पुढे उघाडीवर अडकलो. खाडीचं पाणी मिठागरात घ्यायला आणि अडवायला लाकडी दार असतं, ती उघाडी. तिच्यावर राखणीला एक म्हातारा बसायचा. त्याने माझं मनगट धरलं आणि सोडेचना. “घरी भांडून चाललास, तर आधी मला सांग,” म्हणाला. “मी तुझ्या आज्याला पन इथंच धरला होता.”

अशा रीतीने पहिल्या दिवशी मला अकरा जणांनी थांबवलं. दुसऱ्या दिवशी नऊ जणांनी. तिसऱ्या दिवशी मी घरी पोचायच्या आधी बातमी पोचली होती की पोराला खाडीकाठच्या खाजणात काहीतरी लागलंय. त्यात मी हलक्या आहारासाठी एक भाकरी कमी खायला लागलो होतो. आईने मिरच्या आणि मीठ ओवाळून चुलीत टाकलं आणि मला जबरदस्तीने चार भाकऱ्या वाढल्या. मन प्रसन्न ठेवण्याचं तर मी विसरूनच गेलो.

उपाय मला सापडला तो फळीवर. औषधाची एक रिकामी बाटली होती. त्या काळी डॉक्टरकडे जाताना आपली बाटली आपणच न्यायची. तिच्यावर डोसाच्या खुणांची कातरलेली कागदी पट्टी चिकटवलेली असे. मला कळलं की मला फक्त कारण हवंय, आणि ते हातात धरता येण्यासारखं असलं तर फारच उत्तम.

चौथ्या दिवशी मी बाटली हातात घेऊन धावलो. मीठ ओढणाऱ्यांनी मला लांबून बघितलं, बाटली बघितली आणि आपण होऊन वाट मोकळी केली. एका बाईने तर बांधावर ठेवलेली पाटी उचलून बाजूला घेतली. फक्त उघाडीवरच्या म्हाताऱ्याने ओरडून विचारलं, “कोण रं?”

मी जोरात होतो, दम लागला होता. त्या श्वासात दोनच अक्षरं मावत होती. “बाबा,” मी म्हणालो आणि पुढे गेलो.

भाईंदरला डॉक्टरांच्या दवाखान्याची पायरी ही माझी अर्ध्या वाटेची खूण. तिला पाय लावायचा आणि परत फिरायचं. असे चार-पाच दिवस गेल्यावर डॉक्टर बाहेर आले. सदऱ्याच्या बाह्या दुमडलेले, चाळिशीचे, शांत गृहस्थ.

“रोज बाटली घेऊन येतोस आणि पायरीवरूनच परत जातोस,” ते म्हणाले. “आजारी कोण आहे?”

“कोणी नाही.”

“मग बाटली?”

मी त्यांना सगळं सांगितलं. शर्यत, अकरा माणसं, आईच्या मिरच्या. त्यांनी मध्ये एकही प्रश्न विचारला नाही. सगळं ऐकून झाल्यावर म्हणाले, “तुझं ठीक आहे. पण माझा विचार कर. राईचा मुलगा रोज धावत येतो, रिकामी बाटली आणतो आणि रिकामीच परत नेतो. लोक म्हणतील, या डॉक्टरकडे औषध संपलंय.”

त्यांनी बाटली आत नेली, पाण्यात गुलाबी रंग आणि थोडा पेपरमिंटचा अर्क घातला, बूच घट्ट बसवलं आणि पट्टीसुद्धा नवी कातरून लावली. “रोज भरून नेत जा,” म्हणाले. “दोघांचीही अब्रू राहील.”

इकडे घरी काय चाललं होतं, ते मला उशिरा कळलं. बाबा ओटीवर बसून सुक्या बोंबलाचं कालवण आणि भाकरी खात असताना पहिली दोन माणसं भेटायला आली. त्यांनी बाबांकडे बघितलं, ताटाकडे बघितलं आणि एकमेकांकडे बघितलं. “खाऊ द्या,” त्यातला एक म्हणाला, “मनात आसंल ते खाऊ द्या.” जाताना त्यांनी नारळ ठेवला. दुसऱ्या दिवशी अंडी आली. तिसऱ्या दिवशी पायाला दोरी बांधलेली कोंबडी आली. बाबांना वाटलं, कुठला तरी सण आपण विसरलो.

शेवटी त्यांनी मला समोर उभं केलं.

“मला काय झालाय?” त्यांनी विचारलं.

मी शर्यतीचं सांगितलं.

“कोनाच्या मागं धावायचं?”

“कोणाच्या मागे नाही. सगळ्यांनी मिळून पुढे धावायचं.”

“पुढं काय हाय?”

“दोरी बांधलेली असते.”

“आन तिथं गेल्यावर?”

“तिथे थांबायचं.”

बाबा दाढीचे खुंट चोळत बसले. त्यांना राग आला नव्हता. कोणीतरी परदेशातली रीत सांगावी तसे ते ऐकत होते. मग उठले आणि म्हणाले, “लोकांना खरं काय ते सांगायला होवं. फुकट कोंबड्या खाल्ल्या तर पचायच्या न्हाईत.”

ते अंगणात उतरले आणि फाटकातून मामा आत आला. माझ्या आईचा थोरला भाऊ. त्याचं शेत आमच्या शेताला लागून होतं. एका वीतभर बांधावरून त्याचं आणि बाबांचं बिनसलं होतं आणि सात वर्षं दोघे एकमेकांशी बोलले नव्हते. वाटेत समोरासमोर आले तर एक जण चिखलात उतरायचा. मामाने बाबांना अंगणात उभं बघितलं, धावत येऊन दोन्ही दंड धरले आणि रडायलाच लागला. “उठलात कशाला,” तो म्हणाला. “झोपून ऱ्हा. बांध तुमचाच हाय. मी आधीपासून जानत होतो.”

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मग मामाचा हात धरून हळूहळू ओटीवर गेले आणि आडवे झाले.

त्या दिवसापासून बाबा रीतसर आजारी पडले. पोटात गोळा आहे असं ठरलं. कारण पोटात काय आहे, ते कोणाला दिसत नाही. सकाळची कामं ते अंधारात उरकून घेत आणि लोक उठायच्या सुमाराला खाटेवर जात. मामा रोज येऊन तासभर बसे. दोघांना सात वर्षांचं बोलायचं होतं. आई मात्र कावली होती. आल्यागेल्याला गुळाचा चहा करून तिचे हात दुखायला लागले. “तुमचं दुखणं माझ्या अंगावर निघतंय,” ती बाबांना म्हणाली. बाबा म्हणाले, “थोडे दिस कळ काढ. पोराची शर्यत हाय.”

मला मात्र आता शर्यतीपेक्षा बाबांचाच धाक जास्त होता. भेटायला येणारा प्रत्येक जण बातमी घेऊन येई, आणि बातमी माझ्या धावण्याची असे. संध्याकाळी मी घरी असलो की बाबा खाटेवरून सुनावत. “आज उघाडीपाशी चालत होतास म्हनं.”

“पायात गोळा आला होता.”

“गोळा मला आलाय. तुला न्हाय. लोक मला इचारतात, पोराची माया आटली का?”

दुसऱ्या दिवशी उघाडीपाशी मी आदल्या दिवसापेक्षा दुप्पट जोराने जाई. थंडी असो, अंग कसकसत असो, कंटाळा येवो, अंथरुणात पडून राहायची सोय नव्हती. जाहिरातीतला नियमित सराव मला असा साधला. मांड्या भरल्या. दम इतका वाढला की धावता धावता मी पूर्ण वाक्यं बोलू लागलो. “रात्री थोडी झोप लागली, ताप नाही, पेज घेतली,” एवढं सगळं एका बांधावरून दुसऱ्या बांधावर जाईपर्यंत सांगता यायचं.

एकदा घोटाळा झाला. परत येताना ऊन चढलं होतं, घसा कोरडा पडला होता. एका झुडपाआड थांबून मी बाटलीतलं गुलाबी पाणी अर्धं पिऊन टाकलं. ते मला नेहमीच आवडायचं, थंडगार लागायचं. उघाडीवरच्या म्हाताऱ्याने ते बघितलं. तो आपली जागा कधी सोडत नसे, पण त्या दिवशी काठी टेकत थेट आमच्या घरी आला.

“सांगायला जीब रेटत न्हाय,” तो बाबांना म्हणाला. “पन तुझा पोरगा तुझी दवा पितोय.”

ओटीवर पाच-सहा माणसं होती. सगळी माझ्याकडे बघायला लागली. मी काही बोलणार तोच बाबा खाटेवरून म्हणाले, “डाक्टरानंच सांगितलाय. आर्धी मी घ्यायची, आर्धी त्यानं. रगात एकच हाय ना. दोन्ही बाजूनं लागू पडतंय.”

माणसं विचारात पडली. मग मामा म्हणाला, “हां, मुळाला पानी घातला की पानाला पोचतंय, तसा.” म्हाताऱ्याला ते पटलं. पुढे कित्येक दिवस तो लोकांना ही नवी डॉक्टरी समजावून सांगत असे.

शर्यतीला पंधरा दिवस राहिले असताना माझ्या टाचेत बाभळीचा काटा मोडला. रात्रीतून टाच सुजली. सकाळी उभं राहता येईना. आईने हळद आणि गुळाचं पोटीस बांधलं आणि म्हणाली, “आज पडून ऱ्हा.” मी पडून राहिलो. महिन्या-दोन महिन्यांत पहिल्यांदाच बांधावरून कोणी धावत गेलं नाही.

उन्हं अंगणात आली तेव्हा बाबा ओटीवर आरसा मांडून दाढी करत होते. एक गाल झाला होता. दुसऱ्याला साबण लावलेला होता. मी धावलो नाही म्हणजे आज कोणी येणार नाही, असा त्यांचा समज. इतक्यात फाटकातून मामा आला. त्याच्या खांद्यावर नुकतेच तोडलेले दोन हिरवे बांबू होते. मागे मीठ ओढणारी तीस-चाळीस माणसं, त्यांच्यामागे डोक्यावर पदर घेतलेल्या बायका, आणि सगळ्यांत शेवटी तारोडी गावचा बाबांचा जुना ख्रिस्ती मित्र. त्याला निरोप कोणी आणि कसा दिला, देव जाणे. तो एवढ्या उन्हात लग्नातला काळा कोट घालून चार मैल चालत आला होता. बायकांपैकी एकीने रडण्याचा सूर धरला होता. बाबांना बघून तो तिच्या गळ्यातच राहिला.

मामा तसाच उभा राहिला. त्याच्या खांद्यावरचे बांबू हलत होते.

“मंग हे कुठं ठेवू?” त्याने विचारलं.

“परसात ठेव,” बाबा म्हणाले. “कुंपनाची वई घालायला येतील.”

मामा बांबू घेऊन परसात गेला. बाकी कोणी जागचं हललं नाही. उघाडीवरचा म्हातारा पुढे झाला. “आम्ही काम टाकून आलो,” तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग होता आणि तो योग्यच होता. “भरतीची येळ हाय. उघाडीवर कोन न्हाय. पोरगा धावला न्हाय, म्हनून आम्हाला काय वाटायचं?”

मी आतल्या दारात एका पायावर उभा होतो. मला वाटलं, आता सगळं सांगून टाकावं आणि गाव सोडून जावं. बाबांनी वस्तरा पाण्यात बुडवला, पुसला आणि शांतपणे म्हणाले, “पोरगा धावला न्हाय, कारन आज पहाटे गोळा गेला. दवेची गरज संपली. मंग कशाला धावंल?”

एवढं साधं कारण कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. तारोडीचा मित्र कोटाची बटणं सोडून ओटीवर बसला आणि त्याने पाणी मागितलं. आई आत गेली आणि तिने चहाचं सगळ्यांत मोठं पातेलं चुलीवर चढवलं. एवढ्या माणसांना ते पुरणार नव्हतं, म्हणून शेजारणीने आपलं आणलं.

म्हातारा मात्र अजून उभाच होता. “गुन कशानं आला?” त्याने विचारलं. “दवेनं का?”

“दवा तर सगळेच आनतात,” बाबा म्हणाले. “चालत आनतात. तोवर तिच्यातला जोर जातो.”

हे बाबांनी सहज, वेळ मारून न्यायला म्हटलं होतं. पण टाच बरी होऊन मी पुन्हा सरावाला निघालो, त्या सकाळी अंगणात पाच माणसं बाटल्या घेऊन उभी होती. एकाच्या बायकोला खोकला होता, एकाच्या सासूचा गुडघा दुखत होता, एकाच्या मुलाला गोवर निघाला होता. आईने माझ्या कमरेला जाड सुती पट्टा बांधला आणि त्यात बाटल्या खोवून दिल्या. मी धावलो की त्या एकमेकींवर आपटून वाजत. बांधावरची माणसं तो आवाज ऐकून लांबूनच बाजूला होत. डॉक्टरांनी पाच बाटल्या बघितल्या, दुखणी विचारून घेतली आणि या वेळी खरं औषध भरलं. “परत जाताना यातलं पिऊ नकोस,” एवढंच म्हणाले. शर्यतीच्या आदल्या दिवशी माझ्या पट्ट्यात नऊ बाटल्या होत्या. भरलेल्या बाटल्या कमरेला बांधून दोन मैल पळणारा दुसरा स्पर्धक ठाणे जिल्ह्यात नसावा.

वसईला मी आणि बाबा मचव्यातून खाडी ओलांडून गेलो. तीसेक मुलं होती. काहींच्या पायात कॅनव्हासचे बूट होते. शिट्टी वाजली आणि आम्ही निघालो. पहिला मैल मी सगळ्यांच्या पुढे होतो. कमरेला काही नव्हतं, अंग पिसासारखं वाटत होतं. दुसऱ्या मैलाला मला चमत्कारिक वाटायला लागलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं उभी होती, बघत होती, पण एकानेही विचारलं नाही की कोण, काय, कसं आहे. मी उत्तरं तयार ठेवून धावत होतो आणि ती कोणाला नको होती. घरी कोणी आजारी असल्याचं मनात आणून बघितलं. पण कालच सगळ्यांची औषधं पोचवली होती, खोकला उतरला होता, गोवरसुद्धा मावळला होता. तिसऱ्या मैलाला कॅनव्हासचे बूट घातलेले एकेक करून पुढे गेले. मी नववा आलो.

बाबा दोरीपाशीच उभे होते. पहिला आलेला मुलगा छाती धरून वाकला होता, तेव्हा बाबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवून विचारलं, “घरी सगळं बरं हाय ना?” तो मुलगा गोंधळला आणि हो म्हणाला. मग त्याचे वडील पुढे आले आणि त्या दोघांचं बराच वेळ पोटाच्या दुखण्याबद्दल बोलणं झालं. मी आल्यावर बाबांनी मला ऊस दिला. “किती मागं ऱ्हायले?” त्यांनी विचारलं.

“वीस-एकवीस.”

“मंग ठीक हाय,” ते म्हणाले.

गावात शर्यतीचं कोणाला माहीतच नव्हतं, त्यामुळे कोणी विचारलंही नाही. दोन दिवस अंग दुखलं म्हणून मी घरी बसलो, तर तिसऱ्या दिवशी माणसं बाटल्या घेऊन दारात बसली. मी आणखी तीन वर्षं धावलो. लढाईच्या दिवसांत औषधांचा तुटवडा पडला, तेव्हा डॉक्टर कधी कधी म्हणत, “आज काही नाही, पण पायरीला पाय लावून जा, लोक बघतायत.” पुढे शेजारच्या गावात एक कंपाउंडर येऊन राहिला आणि माझं धावणं हळूहळू थांबलं. मिठागरावरचा तो कारकून निरोगी अवस्थेतच निवृत्त झाला आणि मी त्याच्या खुर्चीवर बसलो. वर्षभरात चड्डीचं बटण लागेनासं झालं.

बाबा पुढे खूप वर्षं जगले आणि त्यांना साधी सर्दीसुद्धा झाली नाही. याचं त्यांना थोडं वाईट वाटत असे. ते बोलून दाखवत नसत, पण कोणाच्या घरी भेटीला माणसं जाताना दिसली की ओटीवरून मान लांब करून बघत राहत. ते माझ्या लक्षात आल्यावर मी रोज सकाळी कामावर जाण्याआधी त्यांच्याजवळ बसून विचारायला लागलो, “आज कसं वाटतंय?” ते लगेच उत्तर देत नसत. डोळे मिटून आधी डोक्यापासून पायापर्यंत सगळं तपासत. मग म्हणत, “डावा खांदा जरा कुरकुर करतोय,” आणि मी चप्पल काढून पुन्हा नीट बसत असे, कारण खांद्यानंतर पाठ यायची होती.